दाट, मलईदार लिंबू सरबत: आपल्या कागदी लिंबाचं कसं जमवायचं?

रानजाई

एप्रिल लागला की पुण्यात पारा चाळिशीकडे सरकतो आणि प्रत्येक घरात लिंबं येतात. साखर, मीठ, वेलदोडा घातलेलं आपलं सरबत आहेच, त्याच्या जागी दुसरं काही आणायचा माझा विचार नाही. हा धागा त्याच लिंबाच्या एका वेगळ्या पेयासाठी काढतेय.

ब्राझीलमध्ये लिंबू सालीसकट मिक्सरमधून फिरवतात, गाळतात आणि त्यात कंडेन्स्ड मिल्क घालून बर्फाबरोबर पुन्हा घुसळतात. पांढरट हिरवं, दाट, वर फेस असलेलं पेय तयार होतं. आधी आंबट लागतं, मग गोड, आणि घोट गिळल्यावर सालीच्या तेलाचा वास तोंडात रेंगाळतो. आपल्या नेहमीच्या सरबतात हा वास फारसा उतरत नाही, कारण आपण रस पिळतो आणि साल बाजूला टाकतो. मला हे पेय आवडलं ते त्या वासासाठी.

पण ती कृती जशीच्या तशी इथे केली की सरबत कडू होतं. नेटवर शंभर ठिकाणी 'चार लिंबं सालीसकट फिरवा' एवढंच लिहिलेलं असतं. कोणतं लिंबू, हे सांगत नाहीत. तिकडे वापरतात ते ताहिती लिंबू. आकाराने मोठं, रसाळ आणि जवळजवळ बिनबियांचं. आपलं कागदी लिंबू लहान, जास्त आंबट आणि बियांनी भरलेलं. मिक्सरच्या पात्याखाली बी फुटली की कडवटपणा आलाच. म्हणून मी साल आणि रस वेगळे करते. साधारण सहा लहान पेले होतील असं प्रमाण देते:

मध्यम आकाराची ४ कागदी लिंबं. शक्यतो दोन हिरवी, दोन पिवळी. हिरव्याच्या सालीला वास जास्त, पिवळ्यात रस जास्त. कोमट पाण्यात चोळून धुवून, पुसून घ्यायची. हिरव्या लिंबांची फक्त वरची साल जायफळाच्या बारीक खिसणीवर खिसायची. पांढरा थर दिसायला लागला की थांबायचं, तिथून पुढे कडू. हा कीस पाऊण वाटी साखरेत (साधारण ६५ ग्रॅम, वाटी लहान आमटीची) बोटांनी चांगला चुरडायचा आणि झाकून अर्धा तास ठेवायचा. साखर ओलसर, फिकट हिरवी होते, तेल तिने ओढून घेतलेलं असतं. मग चारही लिंबांचा रस काढून बिया गाळायच्या. साखर, रस, चिमूटभर मीठ आणि ७०० मिली गार पाणी एकत्र करून साखर विरघळली की गाळायचं. हे पाणी मिक्सरमध्ये घालून, मिक्सर चालू असताना वरच्या भोकातून ६ मोठे चमचे (साधारण ११५ ग्रॅम) कंडेन्स्ड मिल्क बारीक धारेने सोडायचं. भांडं लहान असेल तर दोन हप्त्यांत करा. शेवटी मूठभर बर्फ घालून अर्धा मिनिट फिरवायचं आणि लगेच प्यायचं.

लगेच म्हणजे खरोखर लगेच. तासाभराने खाली पाणी आणि वर दाट थर असं वेगळं होतं.

तुमच्याकडे कोणी करतं का? आणि कंडेन्स्ड मिल्कशिवाय दाटपणा आणायचे आणखी मार्ग हवे आहेत मला.

ओटा

रानजाई, लिंबू आणि दूध म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पनीर येतं. हे फाटत कसं नाही?

रानजाई

माझा अनुभव असा की गार असेल, रस पाण्यात आधीच पातळ झालेला असेल आणि मिक्सर चालू असेल तर गुठळी दिसत नाही. कारण मला नीट सांगता येणार नाही. विरजण, तुम्ही आहात का इथे? दुधाचं तुम्हीच सांगा.

विरजण

आहे. डेअरीत बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे सांगतो.

दुधातलं मुख्य प्रथिन केसीन. दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साधारण ६.६ ते ६.७ असतो. आम्ल घालून तो ४.६ च्या आसपास आणला की केसीनचे कण एकमेकांपासून दूर राहायचं सोडतात आणि एकत्र येऊन गुठळी होते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५, त्यामुळे दूध फाटणार हे ओटाताईंचं म्हणणं बरोबरच आहे. कंडेन्स्ड मिल्कमध्येही आम्लाने केसीन एकत्र येतंच. ते लिंबाच्या रसाने घट्ट होतं ते म्हणूनच, आणि लेमन पाय (pie) हा विलायती गोड पदार्थ त्यावरच सेट होतो. प्रश्न इतकाच, की गुठळी जिभेला कळेल इतकी मोठी होते की पेयाला फक्त दाटपणा येतो.

पनीरसाठी आपण दूध उकळतो. उष्णतेने ही सगळी क्रिया झपाट्याने होते आणि मोठे, रबरी तुकडे तयार होतात. इथे सगळं गार आहे, साखर भरपूर आहे, दुधाचं प्रमाण कमी आहे आणि पातं सतत फिरतंय. त्यामुळे कण बारीकच राहतात. ते बारीक कण म्हणजेच तुमचा मलईदारपणा. पेलाभर सरबत ठेवून दिलं की तेच कण हळूहळू एकत्र येतात, म्हणून थर वेगळे होतात. बिघडलेलं नसतं, ढवळलं की पुन्हा बरं दिसतं, पण तोंडात थोडं रवाळ लागतं.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. कंडेन्स्ड मिल्कवर रस ओतू नका. पातळ केलेल्या आंबट पाण्यात कंडेन्स्ड मिल्क सोडा, तेही फिरत्या पाण्यात. साधं दूध वापरून ही कृती कोणी करायला जाऊ नये. साखरेचा आधार नाही, दाटपणा नाही, चोथापाणी होईल. ताजी साय किंवा क्रीम चालेल, कारण त्यात स्निग्धांश जास्त आणि प्रथिन कमी.

कडूगोड

कडूपणाबद्दल माझा एक प्रश्न. मी बिया काढून, आठ फोडी करून सालीसकटच फिरवते. लगेच प्यायलं तर छान लागतं. तेच गाळून फ्रीजमध्ये ठेवलं की संध्याकाळी कडू. गाळल्यावर साल तर गेलेली असते ना, मग कडूपणा नंतर कुठून येतो?

विरजण

हा फार चांगला प्रश्न आहे. लिंबूवर्गीय फळांच्या पांढऱ्या थरात, मधल्या दोरीत आणि बियांत एक पदार्थ असतो. फळ अखंड असताना त्याला चव नसते. फळ कापलं, चिरडलं आणि तो आंबट रसात उतरला की हळूहळू त्याचं लिमोनिनमध्ये रूपांतर होतं आणि लिमोनिन जबरदस्त कडू असतं. म्हणजे तुम्ही गाळता तेव्हा साल जाते, पण हा बिनचवीचा पदार्थ रसात उतरलेला असतो आणि पुढच्या काही तासांत कडू होत जातो. संत्र्याच्या रसाच्या कारखान्यांनाही हीच डोकेदुखी असते.

सालीसकट करायचंच असेल तर मधली पांढरी दोरी काढा, मिक्सर सलग न चालवता चार-पाच झटकेच द्या, लगेच गाळा आणि गाळणीवरचा चोथा चमच्याने दाबू नका. दाबलं की नको ते सगळं खाली येतं. आणि मग ते ठेवू नका. ठेवायचं असेल तर रानजाईंची खिसणीची पद्धतच बरी, कारण त्यात पांढरा थर येतच नाही.

कडूगोड

दोरी मी काढत नव्हते आणि चोथा दाबून घेत होते. उद्या दोन्ही बदलून बघते. चिमूटभर मिठाने कडूपणा कमी जाणवतो एवढं मात्र नक्की, मेथीच्या भाजीलाही मी तेच करते.

पेठकर

मी सदाशिव पेठेत वाढलो. आमच्याकडे लिंबू सरबतात लिंबू, साखर, मीठ आणि माठातलं पाणी, झालाच तर वेलदोडा, असं असायचं. उन्हातून आलेल्या माणसाला जे लागतं ते त्यात सगळं आहे. पाणी आहे, मीठ आहे, थोडी साखर आहे. यात दूध आणि साखरेचा पाक घालून ते जड का करायचं, हे मला मनापासून विचारायचंय. तहान अशा पेयाने भागत नाही, उलट वाढते.

रानजाई

पेठकरकाका, तहानेच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के पटतं. बाहेरून घामाघूम आलेल्या माणसाच्या हातात मी हे देणार नाही. त्याला तुमचंच सरबत. हे पेय जेवणानंतरचं, नाहीतर रविवारी दुपारी मस्तानीच्या जागी घ्यायचं. मस्तानी आपण तहान भागवायला पीत नाही, पण तरी पितो आणि आवडीने पितो. त्या जागी हे ठेवून बघा. आइस्क्रीमपेक्षा हलकं आहे आणि आंबटपणामुळे तोंड गच्च होत नाही.

साखरेचा मुद्दा खरा आहे आणि तो लपवून चालणार नाही. कंडेन्स्ड मिल्कमध्ये निम्म्याहून जास्त साखरच असते. वरच्या प्रमाणात एका लहान पेल्यात साधारण २० ग्रॅम साखर जाते, म्हणजे पाच चहाचे चमचे. मधुमेह असलेल्यांनी हे पिऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. त्यांच्यासाठी जिरं-मीठ घातलेलं ताकच.

पेठकर

मस्तानीच्या जागी म्हणता, तर मग वेगळी गोष्ट. करून बघायला हरकत नाही. नातवंडं येणार आहेत पुढच्या आठवड्यात.

आमसूल

आमच्या घरी दुधात आंबट घालत नाहीत. सासूबाई वैद्यांच्या घरातल्या, त्यांच्या मते तो विरुद्ध आहार. चरकसंहितेत दूध आणि आंबट फळं एकत्र घेऊ नयेत असं आहे आणि त्या ते पाळतात. मला त्यांचा मान राखायचा आहे आणि सरबतही करायचंय. म्हणून आमच्याकडे नारळाच्या दुधाचं होतं. मूळ कोकणातलं घर, नारळाला तोटा नाही आणि सोलकढीमुळे आंबट आणि नारळाचं दूध ही जोडी सगळ्यांच्या जिभेवर बसलेली आहे.

एका मोठ्या नारळाचं खोबरं खवून, एक वाटी कोमट पाणी घालून वाटायचं आणि पंचातून घट्ट पिळायचं. हे पहिलं दाट दूध बाजूला. त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून पुन्हा वाटायचं, दुसरं दूध काढायचं. दुसऱ्या दुधात साखर, मीठ आणि दोन लिंबांचा रस, त्यावर पहिलं दूध ओतून रवीने घुसळायचं. लिंबाचा कीस साखरेत चुरडायची युक्ती मला नवीन आहे, ती आता यात घालणार. आलं आवडत असेल तर छोटा तुकडा खोबऱ्याबरोबर वाटा.

एकच सांभाळायचं. हे फ्रीजमध्ये ठेवू नका. नारळाचं तेल २४ अंशांच्या आसपासच गोठायला लागतं. फ्रीजमध्ये ठेवलं की वर पांढऱ्या तेलाचे कण तरंगतात आणि टाळूला चिकटतात. पाणी आधी गार करा, दूध ताजं काढा, बर्फ पेल्यात घाला.

रानजाई

आमसूल, हे मी शोधत होते! दुसऱ्या दुधात आंबट आणि वरून पहिलं दूध, हा क्रम मला सुचला नसता.

चिंगी

मला चक्क्याचं सुचतंय. गुढीपाडव्याला श्रीखंडासाठी चक्का आणतो तो हमखास थोडा उरतो. पियूषमध्ये आपण श्रीखंड ताकात घुसळतोच की. तसंच लिंबाचं केलं तर?

विरजण

चक्का फार चांगला. दह्याच्या प्रथिनाचं आधीच विरजण लागून गेलेलं असतं, त्यामुळे लिंबाने आणखी फाटायचं राहिलेलंच नाही. ठेवलं तरी कंडेन्स्ड मिल्कपेक्षा जास्त वेळ एकजीव राहतं. फक्त लक्षात ठेवा की चक्का स्वतः आंबट असतो, त्यामुळे लिंबाचा रस निम्मा करा आणि वासासाठी कीस तेवढाच ठेवा.

प्रमाण हवं असेल तर असं. २०० ग्रॅम चक्का, १०० ग्रॅम साखर (तीत दोन हिरव्या लिंबांचा कीस चुरडलेला), दोन लिंबांचा रस, ५०० मिली गार पाणी, चिमूट मीठ. आधी साखर आणि चक्का पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून एकत्र काढा, श्रीखंडाला काढतो तसं. मग पाणी थोडं थोडं घाला. एकदम पाणी ओतलं तर चक्क्याचे कण तसेच राहतात आणि रवी फिरवून हात दुखतात. घरी दही टांगत असाल तर उन्हाळ्यात ओट्यावर टांगू नका, पुण्यातल्या मे महिन्यात रात्रभरात आंबून जातं. चाळणीत पंचा घालून, खाली भांडं ठेवून फ्रीजमध्येच ठेवा.

चिंगी

काल केलं, घरातला चक्का होताच. इतकं गुळगुळीत झालं की नवऱ्याने यात क्रीम किती घातलंय असं विचारलं. जायफळ मात्र घालू नका कोणी. श्रीखंडाच्या सवयीने हात जातो तिकडे, पण लिंबाचा वास त्याखाली दबतो. मी वरून फक्त भिजवलेला सब्जा घातला.

वाफा

श्रीगोंद्याकडचा आहे, घरची लिंबाची बाग आहे. पुण्याच्या मार्केट यार्डात आमच्या भागातून भरपूर माल येतो. धागा वाचून बरं वाटलं, कारण लिंबू म्हणजे फक्त रस असं धरून चालणारेच जास्त.

उन्हाळ्यात लिंबू महाग का, हे दरवर्षी कोणीतरी विचारतं म्हणून लिहितो. लिंबाला तीन बहार येतात. आंबे बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळं पावसाळ्यात. मृग बहाराची फुलं जून-जुलैत, फळं हिवाळ्यात. आणि हस्त बहाराची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्याचीच फळं मार्च ते मे निघतात. तुम्हाला उन्हाळ्यात लागतं ते हस्त बहाराचं लिंबू. हा बहार धरायला झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि नेमका त्याच वेळी पाऊस चालू असतो. ताण बसत नाही, फुलं कमी लागतात, माल कमी निघतो आणि मागणी मात्र सगळ्यात जास्त. २०२२ च्या एप्रिलमध्ये देशभर लिंबाचे भाव कुठे गेले होते ते आठवत असेल सगळ्यांना.

घरच्यासाठी उपाय सोपा आहे. जुलै-ऑगस्टात लिंबू स्वस्त असतं तेव्हा घ्या, रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि खडे डब्यात भरून ठेवा. पिळण्याआधी सालीचा कीस काढून तोही छोट्या पुडीत गोठवा, वास चांगला टिकतो. रस पिळताना यंत्राने फार चेपू नका, वर विरजण यांनी सांगितलं तेच कारण.

वाण विचारत असाल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले साई सरबती आणि फुले सरबती आमच्याकडे चालतात. साल पातळ, रस चांगला. मंडईत वाणाचं नाव कोणी सांगणार नाही, तेव्हा हाताने ओळखायचं. साल तुकतुकीत, दाबलं की किंचित दबणारं आणि आकाराच्या मानाने जड. खरबरीत, हलकं लिंबू म्हणजे साल जाड आणि आत रस कमी.

ओटा

वाफा, सीडलेस म्हणून मोठी हिरवी लिंबं मिळतात अधूनमधून, ती या कामाला बरी का?

वाफा

हो, ती रानजाईंनी सांगितलेल्या ताहितीच्या जवळची. बिया नाहीत, आंबटपणा कागदीपेक्षा सौम्य. सालीसकट फिरवायचं असेल तर तीच घ्या. मात्र कागदीचा तिखट, नाकात जाणारा वास तिला नाही. मी घरी दोन्ही करून पाहिलं, मला कागदीच आवडतं. रोप लावायचं असेल तर सीडलेस कुंडीत, गच्चीवर, चांगल्या उन्हात येतं.

गवतीचहा

माझं नावच हे, त्यामुळे सांगणं भाग आहे. ज्यांच्याकडे बारीक खिसणी नाही किंवा ज्यांना कडूपणाची धास्ती वाटते त्यांनी गवती चहा वापरावा. पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी पाणी आणि गवती चहाची चार-पाच पानं कात्रीने कापून एक उकळी आणायची, झाकून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि गाळायचं. लिंबाच्या सालीसारखाच वास, कडूपणा अजिबात नाही. मग हा पाक, लिंबाचा रस, पाणी आणि वरच्या कृतीतलं कंडेन्स्ड मिल्क. पाक गार झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, विरजण यांनी उष्णतेचं सांगितलंच आहे.

बारीक खिसणी तुळशीबागेत मिळते, जायफळाचीच मागा.

ओटा

कंडेन्स्ड मिल्क घरी करता येईल का? डबा उघडला की उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न असतो, आणि त्या डब्याची गोडी आपल्या हातात नसते.

विरजण

येतं. १ लिटर म्हशीचं दूध, २०० ग्रॅम साखर. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात मंद आचेवर आटवा. कडेची साय सतत आत सोडा, नाहीतर तिचे तुकडे सरबतात तरंगतील. साधारण ४०० मिली उरलं की उतरवा. गार झाल्यावर आणखी दाट होतं, त्यामुळे गॅसवर असताना पातळ वाटलं तरी थांबा. गाळून बरणीत भरा, फ्रीजमध्ये आठवडाभर वापरा. विकतच्यापेक्षा गोडी कमी असते, तेव्हा सरबतात साखर चाखून घाला. रंग किंचित पिवळट येतो आणि चवीला बासुंदीची झाक लागते. मला ती आवडते. रानजाईंना शुद्ध लिंबाचा वास हवा असेल तर कदाचित आवडणार नाही.

उघडलेल्या विकतच्या डब्यात मात्र उरलेलं ठेवू नका, काचेच्या बरणीत काढा.

रानजाई

बासुंदीची झाक असलेलं मी करून बघितलं. विरजण, तुमचा अंदाज बरोबर निघाला. छान लागतं, पण लिंबू मागे पडतं. माझ्यासाठी विकतचंच. पण कडूगोड, तुम्हाला हे चालेल असं वाटतं, दुधाची चव तुमच्या कडू सालीला पोटात घेते.

कडूगोड

दोरी काढून, चार झटके देऊन, चोथा न दाबता केलं. संध्याकाळी मुद्दाम उरवलेला पेला प्यायले. थोडासा कडवटपणा आहे, पण आधीसारखा घशाला लागणारा नाही. आता मात्र खिसणीच आणणार.

पेठकर

नातवंडांसाठी केलं. आमच्या हिने कृती वाचून दाखवली, मी पिळलं आणि खिसलं. थोरल्या नातीला फार आवडलं. धाकट्याने माझं माठातलंच मागितलं. मला स्वतःला चक्क्याचं पुढे करून बघायचंय.

चिंगी

रानजाई, मोठ्या प्रमाणाचं सांगाल का? १ मे ला सोसायटीत कार्यक्रम आहे, चाळीसएक माणसं. सकाळी झेंडावंदन, मग मुलांचे खेळ. त्यानंतर हे द्यायचा विचार आहे. आमसूल यांच्या सासूबाईंसारखं न चालणारेही असतील.

रानजाई

चाळीस जणांना १५० मिली म्हणजे ६ लिटर. वरचं प्रमाण सातपट करा: २८ लिंबं, साधारण साडेचारशे ग्रॅम साखर, कंडेन्स्ड मिल्कचे ४०० ग्रॅमचे २ डबे आणि ५ लिटरला थोडं कमी पाणी. बर्फ वेगळा, आणि तो पिण्याच्या पाण्याचाच असल्याची खात्री करून घ्या. हातगाडीवरच्या लादीचा नको.

आदल्या रात्री फक्त कीस आणि साखर चुरडून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. लिंबं सकाळीच पिळा. रस आदल्या दिवशी काढून ठेवू नका, अगदीच वेळ नसेल तर वाफा यांच्यासारखा गोठवून ठेवा. सकाळी आंबट-गोड पाणी करून गार ठेवा, हे दोन-तीन तास चांगलं राहतं. कंडेन्स्ड मिल्क मात्र द्यायच्या वेळीच. एवढं सगळं मिक्सरमधून काढत बसायची गरज नाही. डबाभर गार आंबट-गोड पाणी मिक्सरमध्ये फिरवत ठेवून त्यात एक डबा कंडेन्स्ड मिल्क बारीक धारेने सोडा आणि मग मोठ्या भांड्यातल्या पाण्यात ओतून रवीने घुसळा. दुसरा डबा अर्ध्या तासाने, दुसऱ्या पंगतीला. म्हणजे सगळ्यांना ताजं मिळेल.

मुलं आधी उन्हात खेळलेली असतील, तर त्यांना पहिल्यांदा पेठकरकाकांचं मीठ-साखरेचं सरबत द्या आणि हे नंतर. त्यासाठी दहा लिंबं जास्त आणा. दूध न चालणाऱ्यांसाठी मिक्सर लावायच्या आधी एक मोठा जग आंबट-गोड पाणी वेगळं काढा, त्यात आमसूल यांच्या पद्धतीने नारळाचं दाट दूध घाला आणि जगावर चिठ्ठी लावा.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. सोसायटीचं मोठं पितळी पातेलं कोणीतरी काढेल, त्याला कल्हई असली तरी नको म्हणा. एवढा आंबट रस त्यात कळकेल.

चिंगी

पितळी पातेलंच काढणार होतो! स्टीलच्या दोन टाक्या मागवते. मार्केट यार्डातून लिंबं आणायला ३० तारखेला कोणी जाणार असेल तर सांगा, ३८ लिंबं घ्यायची आहेत.

वाफा

३० ला माझा भाऊ गाडी घेऊन येतोय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ४० देतो. दोन जास्त असू द्या, चार-पाच तरी कमी रसाची निघतातच.